घरच्या सर्व्हरवरचं पान एवढं हळू का उघडतं?

या वेळी घरून वेबसाइट चालवणाऱ्यांची पत्रं एकत्र घेतलीयेत. तक्रार सगळ्यांची एकच आहे, साइट स्लो आहे, पण कारण प्रत्येकाचं वेगळं निघालं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतेय, पहिलं तर खूपच.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यात राहतो. आमच्या गावच्या वाचनालयात जुनी हस्तलिखित वार्षिकं होती, पानं तुटायला लागली म्हणून मी ती स्कॅन केली आणि घरच्याच जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हरचा प्रोग्राम) टाकून साइट केली. फायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. घरात साइट चटकन उघडते पण मुलगी न्यू जर्सीत असते, ती म्हणते बाबा एकेक अंक उघडायला मिनिटाच्या वर जातं, पुण्याचा भाचाही तेच म्हणतो. राउटर नवीन घेतला, कॅट सिक्स केबल टाकली, रॅम ४ ची ८ जीबी केली, फरक काहीच नाही. स्पीड टेस्ट ९५ दाखवते. इंटरनेटवाले म्हणतात लाइन ओके आहे. आता कॉम्प्युटरच नवीन घ्यावा का?

उत्तर : सर, कॉम्प्युटर अजिबात घेऊ नका. आधीच जो खर्च झालाय तो चुकीच्या जागी झालाय असं मला वाटतं, आणि यात तुमची चूक नाही, दुकानात कुणालाही विचारलं तर पहिला सल्ला राउटर बदला हाच मिळतो.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन गोष्टी विचारून घेतल्या होत्या, स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा आणि एका अंकाच्या पानावर किती चित्रं आहेत. तुम्ही कळवलंत, अपलोड २० च्या आसपास येतं आणि एका पानावर चाळीसेक स्कॅन असतात, प्रत्येकी साधारण ३ एमबीचा. उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

आपण घरी बसून सिनेमा बघतो तेव्हा डाउनलोड वापरतो, पण सर्व्हर चालवतो तेव्हा उलटं होतं, भाच्याच्या मोबाइलवर जे डाउनलोड होतंय ते तुमच्या घरातून अपलोड होत असतं. म्हणजे तुमच्या साइटसाठी ९५ या आकड्याला काही अर्थच नाही, तुमचा खरा आकडा २० आहे. तोही मेगाबिटमध्ये, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजली जाते आणि एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून २० भागिले ८, सेकंदाला अडीच एमबी. चाळीस स्कॅन गुणिले तीन, झाले १२० एमबी. १२० भागिले अडीच म्हणजे ४८ सेकंद, आणि हे सगळं अगदी सुरळीत चाललं तर. टाकीत पाणी कितीही असलं तरी तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. रॅम, राउटर, केबल सगळं टाकीच्या बाजूचं होतं.

फायबर आहे म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच स्पीड असं बरेच जण धरून चालतात. काही प्लॅन तसे असतातही, पण सगळे नसतात. आपल्याकडे घराघरात जे फायबर येतं त्यात बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाचं तंत्र असतं, त्यात एका फायबरवर खाली यायला साधारण २.५ गिगाबिट आणि वर जायला १.२५ गिगाबिट, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. त्यातून प्रत्येकाला वर जायला किती द्यायचं हे प्लॅनवर ठरतं. प्लॅन घेताना अपलोड किती हे लेखी विचारून घ्या, जाहिरातीत मोठ्या अक्षरात डाउनलोडच असतं.

घरात मात्र साइट चटकन उघडते कारण तिथे इंटरनेट लागतच नाही, सर्व्हर ते राउटर ते तुमचा लॅपटॉप एवढाच प्रवास. तुमच्या नव्या केबलवर तो गिगाबिटने होत असेल, म्हणजे सेकंदाला शंभर एमबीच्या वर. खात्री करायची असेल तर दोन्ही मशीनवर आयपर्फ थ्री (दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्राम) टाका, एकीकडे सर्व्हर मोडमध्ये चालू करा, दुसरीकडून जोडा. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर गिगाबिट आहे. ९४ आलं तर लाइन १०० वर अडकलीये, तेव्हा केबलची टोकं बघायची, गिगाबिटला आठही तारा लागतात आणि १०० ला चारच पुरतात, त्यामुळे उरलेल्या चारांतली एक तार जरी टोकाला नीट बसवलेली (क्रिंप) नसली तरी नेट चालू राहतं पण स्पीड दहापट खाली येतो. तुमच्या बाबतीत त्यानेही बाहेरच्यांना फरक पडणार नाही, कारण बाहेर २० च जायचंय. पण ही चाचणी पहिली करावी असं मी सगळ्यांनाच सांगते. घरात फास्ट आणि बाहेर स्लो असेल तर लाइन आणि पानाचं वजन बघायचं, घरातच स्लो असेल तर मशीन. अर्धं काम तिथेच होतं.

आता उपाय. स्कॅन तुम्ही जपणुकीसाठी मोठे केलेत ते बरोबरच केलंत, ते तसेच ठेवा, हार्ड डिस्कवर एक प्रत आणि घराबाहेर एक प्रत. पण वाचकाला पहिल्या फटक्यात ३ एमबीचं पान द्यायची गरज नाही. प्रत्येक स्कॅनच्या आणखी दोन प्रती करा. एक ३०० पिक्सेल रुंदीची, सूचीच्या पानावर दाखवायला, ती २०-२५ केबीत बसते, चाळीस मिळून जेमतेम १ एमबी, म्हणजे तुमच्या लाइनवर अर्ध्या सेकंदाच्या आत. दुसरी १४०० पिक्सेलची, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्र-फॉरमॅटमध्ये, क्लिक केल्यावर वाचायला, ती बहुधा दोन-तीनशे केबी होईल, हस्ताक्षर बारीक असेल तर जरा जास्त ठेवा. मूळ स्कॅन हवा असेल त्याला वेगळी लिंक. इमेजमॅजिक या चित्रांचे आकार बदलणाऱ्या प्रोग्रामने अख्ख्या फोल्डरचं काम एका कमांडमध्ये होतं, फक्त एक सांभाळा, त्यातली मोग्रिफाय ही कमांड मूळ फाइलवरच लिहू शकते, तेव्हा आधी फोल्डरची कॉपी करा आणि कॉपीवरच चालवा. इतक्या मेहनतीने केलेले स्कॅन एका एंटरने लहान होऊन बसले तर परत करणं सोपं नाही.

शिवाय चित्रांच्या टॅगमध्ये लोडिंग लेझी लिहा, म्हणजे वाचक खाली स्क्रोल करेल तशीच चित्रं मागवली जातील, आणि एनजिनएक्समध्ये चित्रांना महिनाभराची एक्सपायरी द्या म्हणजे तोच माणूस परत आला तर त्याच्या ब्राउझरमधलीच प्रत वापरली जाईल. जीझिप, म्हणजे पाठवताना फाइल दाबून लहान करणं, चालू करा असं कुणी सांगितलं तर जरूर करा पण त्याने स्कॅन लहान होणार नाहीत, जेपेग आधीच दाबलेली असते, फायदा मजकुराच्या फाइलींनाच.

आता मुलीचं. ती भाच्यापेक्षा जास्त थांबते कारण ती लांब आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, तरी महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन परत यायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, कारण मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलने वळणावळणाने जायचं असतं. पान उघडताना एक फेरी जोडणीची, एक एन्क्रिप्शनची, एक मागणी-उत्तराची, म्हणजे पहिलं अक्षर दिसायच्या आधीच पाऊण सेकंद गेला. एन्क्रिप्शनची पद्धत (टीएलएस) जुनी १.२ असेल तर आणखी एक फेरी, म्हणून १.३ चालू आहे ना बघा. पुढे टीसीपी, म्हणजे डेटा पाठवायची पद्धत, एकदम सगळं पाठवत नाही, पहिल्या फेरीत दहा पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे), साधारण १५ केबी, मग पोच आली की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. तुमची २० ची लाइन इतक्या अंतरावर पूर्ण भरायला पाचसहा फेऱ्या जातात, म्हणजे आणखी सेकंदभर. भाच्याला हेच सगळं काही मिलिसेकंदांत होतं. त्यात ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची पद्धत जुनी, एचटीटीपी १.१ असेल तर ब्राउझर एका साइटला एकावेळी सहाच कनेक्शन उघडतो आणि बाकी चित्रं रांगेत उभी राहतात, एचटीटीपी २ मध्ये एकाच कनेक्शनवर सगळी मागवता येतात. एनजिनएक्समध्ये ते एका ओळीत चालू होतं, फक्त ब्राउझर ते एचटीटीपीएसवरच (एन्क्रिप्शन असलेल्या साइटवरच) वापरतात, त्याला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

एवढं करून परदेशातले वाचक वाढले तर मग चित्रांपुढे सीडीएन लावा, म्हणजे चित्रं त्यांच्या जवळच्या सर्व्हरवर साठवली जातील. पण आधी चित्रं लहान करा. १२० एमबीचं पान सीडीएनवरून दिलं तरी मोबाइल डेटावर वाचणाऱ्याचे १२० एमबी जाणारच. आणि सर, गावच्या हस्तलिखितांचं असं काम कुणी घरी बसून करतंय हे वाचून फार आनंद झाला, साइट नीट चालू झाली की मला लिंक जरूर पाठवा.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रास्पबेरी पाय थ्री (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) वर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट चालवतो. चित्रं लहान केलीयेत, अपलोड ५० आहे, तरी पान उघडायला सहा-सात सेकंद लागतात, आणि घरच्या वायफायवरून पण तेवढेच. संध्याकाळी तर कधीकधी ५०४ एरर येतो. एका व्हिडिओत बघून पीएचपीचे वर्कर (पान बनवणाऱ्या प्रोसेस) ५ चे २० केले तर अजूनच स्लो झालं. पाय फोर घेऊ का?

उत्तर : घरातूनही तेवढाच वेळ लागतो हे तू लिहिलंस ते फार कामाचं आहे. म्हणजे लाइन सोडून दे, मशीनकडे बघ.

ब्राउझरमध्ये एफ ट्वेल्व्ह दाबून नेटवर्क टॅब उघड, पान रीलोड कर आणि पहिल्या ओळीवर जा. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात किती वेळ गेला आणि उतरवण्यात किती गेला हे वेगवेगळं दिसतं. किंवा टर्मिनलवरून कर्ल ही कमांड वापर, त्यात डब्ल्यू ऑप्शन देऊन नाव शोधणं, जोडणी, टीएलएस, पहिला बाइट आणि एकूण असे टप्प्यांचे वेळ छापता येतात. ते सगळे सुरुवातीपासून मोजलेले असतात, त्यामुळे एकातून दुसरा वजा करायचा. तुझ्या केसमध्ये मला वाटतं जवळजवळ सगळा वेळ पहिल्या बाइटच्या आधी जात असणार, म्हणजे पीएचपी आणि डेटाबेस पान बनवतायत तोवर एनजिनएक्स नुसता थांबलाय. संध्याकाळी ते इतकं लांबतं की एनजिनएक्स वाट बघणं सोडून देतो आणि ५०४ देतो.

वर्कर वाढवून स्लो का झालं ते समजून घे, हे बऱ्याच जणांचं होतं. पाय थ्रीला रॅम १ जीबीच. वर्डप्रेसचा एक पीएचपी वर्कर ४०-५० एमबी सहज खातो, प्लगइन जास्त असतील तर त्याहून जास्त. वीस वर्कर भरले की झाली सगळी रॅम, डेटाबेसला, म्हणजे मारियाडीबीला, काही उरलंच नाही, मग सिस्टिम स्वॅपवर जाते, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवर काम भागवते, आणि स्वॅप आहे एसडी कार्डवर, जे विखुरलेल्या छोट्या छोट्या लिहिण्याला अतिशय मंद असतं. व्हीएमस्टॅट १ ही कमांड चालव आणि पान उघडत असताना बघ, एसआय-एसओ च्या रकान्यांत शून्य सोडून आकडे येत राहिले तर स्वॅप चाललंय, डब्ल्यूए चा रकाना मोठा असेल तर प्रोसेसर मोकळा आहे पण कार्डाची वाट बघतोय. वर्कर परत ४ किंवा ५ वर आण. लोक थोडे रांगेत थांबतील पण रांग पटपट सरकेल, वीस जण एकदम अडकण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पीएचपीच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रन (वर्करची कमाल संख्या) गाठल्याची ओळ वारंवार येत असेल तर वर्कर वाढवायच्या आधी ते कशात गुंतलेत ते शोध.

आणि ते शोधायला अ‍ॅक्सेस लॉग वाच. खरंच ओळ न ओळ वाच थोडा वेळ. पब्लिक आयपीवर वर्डप्रेस उभं केलं की बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) येतातच, डब्ल्यूपी-लॉगिन आणि एक्सएमएलआरपीसी या दोन फाइलींवर मारा चालू असतो, आणि यातली प्रत्येक रिक्वेस्ट एक अख्खा वर्कर अडकवते. ट्रेकिंगच्या साइटवर तुमचे ग्रुपवाले किती येत असतील आणि बॉट किती, हे लॉगमध्ये लगेच दिसेल. एक्सएमएलआरपीसी वापरत नसशील तर एनजिनएक्समध्येच बंद कर म्हणजे पीएचपीपर्यंत जायलाच नको, लॉगिनवर रेट लिमिट (ठराविक वेळात किती रिक्वेस्ट घ्यायच्या याची मर्यादा) लाव. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) वाचकांच्या भेटीवर चालतं, ते बंद करून सिस्टिमच्या क्रॉनमधून दर पंधरा मिनिटांनी चालव. आणि सगळ्यात मोठा फरक पडेल पेज कॅशने. तुमच्या साइटवर लॉगिन करून वाचणारे नसतीलच जवळजवळ, मग राजगडच्या ट्रेकचं तेच पान प्रत्येकासाठी नव्याने कशाला बनवायचं, एकदा बनवलेलं एचटीएमएल ठेवून द्यायचं आणि तेच द्यायचं. ते काम पाय थ्री आरामात करतो.

अजून एक बघ, बरेच जण पायला मोबाइलचा जुना चार्जर लावतात. टर्मिनलवर व्हीसीजेनकमांड या कमांडला गेट_थ्रॉटल्ड विचार, उत्तर शून्य आलं तर ठीक, दुसरं काही आलं तर व्होल्टेज कमी पडतंय किंवा बोर्ड तापतोय, आणि दोन्हीत तो आपला वेग स्वतःच कमी करतो. पाय थ्रीला ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवला असशील तर एप्रिल-मेमध्ये हीटसिंकसुद्धा लाव.

पाय फोर चांगलाच आहे, २०१९ पासूनच्या त्या बोर्डावर खरं गिगाबिट आणि यूएसबी ३ आहे, पाय थ्रीला नेटवर्कही यूएसबी २ वरूनच जातं आणि ते १०० चंच आहे. पण तुझं अपलोड ५० आहे, १०० चं पोर्ट त्याला पुरतं. आत्ता पैसे खर्चायचेच असतील तर लहानसा एसएसडी घे आणि डेटाबेस त्याच्यावर हलव. यूएसबी २ वरसुद्धा तो एसडी कार्डापेक्षा कितीतरी बरा, आणि कार्ड अचानक मरण्याची भीतीही कमी होते. बॅकअप घेतोस ना?

प्रश्न : आमच्याकडे नागपूरला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरमधून घरच्या सर्व्हरकडे वळवणं) सगळं बरोबर करूनही बाहेरून साइट उघडत नव्हती, राउटरवर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १०० ने सुरू होणारा दिसतो. म्हणून जर्मनीतला स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्डने (व्हीपीएनच्या बोगद्याने) घरचा सर्व्हर जोडला. आता उघडते पण नागपुरातल्याच लोकांना स्लो वाटते, आणि काही मोठी पानं अर्धी येऊन अडकतात.

उत्तर : १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर तो पब्लिक पत्ता नाही, बाहेरचा एक पब्लिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे, याला सीजीनॅट म्हणतात आणि या पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. तिथे तुमच्या राउटरवरच्या फॉरवर्डिंगचा उपयोग नाही, कारण वरचा राउटर तुमच्या हातात नाही. बोगदा काढणं हा मार्ग बरोबर आहे पण ठिकाण चुकलं. आता धरमपेठेतल्या माणसाने साइट उघडली की त्याची रिक्वेस्ट जर्मनीला जाते, तिथून तुमच्या घरी येते, आणि उत्तर परत तसंच जातं. म्हणजे प्रत्येक फेरीत युरोप दोनदा. युरोपची एक ये-जाच दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असते, समुद्रात केबल तुटली की रस्ता अजून लांबतो, जसं २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात झालं. मुंबईतला व्हीपीएस घ्या, महिन्याला थोडे जास्त पडतील पण तुमचे वाचक विदर्भातले असतील तर ते पैसे सार्थकी लागतात. त्याआधी एकदा इंटरनेटवाल्यांना स्टॅटिक आयपीचं विचारा, आणि आयपीव्ही ६ (इंटरनेटचे नव्या पद्धतीचे पत्ते) मिळतंय का तेही, कारण त्याला नॅट, म्हणजे एक पत्ता वाटून घेणं, लागतच नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते.

अर्धी येऊन अडकणारी पानं हा वेगळा प्रकार आहे, तो स्पीडचा नाहीये. वायरगार्ड पाकिटाचा आकार १४२० बाइट धरतो, तुमची लाइन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) असेल तर बाहेरची मर्यादाच १५०० ऐवजी १४९२ असते, आणि बोगदा आयपीव्ही ६ वरून जात असेल तर १४२० चं पाकीट त्यात बसत नाही. लहान पानं जातात, मोठी पाकिटं वाटेत गळतात आणि कुणी कळवतही नाही. दोन्ही टोकांना एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४१२ करा, तेवढ्याने नाही सुटलं तर १३८० करून बघा.

प्रश्न : ठाण्याहून. साइट दिवसभर मस्त चालते पण रात्री दहाच्या सुमाराला मरते, त्याच वेळी नवऱ्याच्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलचाही आवाज तुटतो. लाइनचा प्रॉब्लेम असेल का?

उत्तर : लाइनला दोष द्यायच्या आधी रात्री दहाला घरात काय सुरू होतं ते बघा. घरातले फोन चार्जिंगला लागले की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतात, किंवा सर्व्हरचाच बॅकअप त्या वेळेला लावलेला असतो. अपलोड भरलं की राउटर जादाची पाकिटं फेकून न देता स्वतःकडे साठवत बसतो आणि सगळ्यांनाच त्या रांगेतून जावं लागतं, कॉलचं छोटंसं पाकीटसुद्धा. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमाराला हे लोकांपुढे मांडलं आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही पद्धत काढली. तपासायला एका खिडकीत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग १५-२० मिलिसेकंदांवरून तीनशे-चारशेच्या पुढे गेलं तर हेच आहे. राउटरला ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं खुलं सॉफ्टवेअर) चालत असेल तर त्यात एसक्यूएम (रांग सांभाळणारी सोय) घाला, त्यात केक ही पद्धत निवडा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्के ठेवा, म्हणजे ३० येत असेल तर २७. दहा टक्के सोडल्यासारखं वाटेल पण रांग मग कंपनीच्या डब्यात न साचता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते. राउटर तसला नसेल तर बॅकअप पहाटे चारला लावा आणि त्या प्रोग्रामलाच अपलोडची मर्यादा घाला, आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्राममध्ये तो ऑप्शन आहे. फोनचे बॅकअप मात्र एकेका फोनमध्ये जाऊनच बंद किंवा मागेपुढे करावे लागतील.